उपास करून या

१४ फेब्रुवारी १९९४, सोमवार

मंदाबाई म्हणाल्या, "दिवसभर पेशंटांशी बोलता, घरी आल्यावर माझं डोकं खाता. त्यापेक्षा लिहून काढा." ठीक आहे बुवा, लिहितो. बायकोच्या डोक्याला तेवढाच आराम.

मी सुकदेव नथू पाटील, एसटीचा रिटायर्ड वाहतूक नियंत्रक. अख्खी नोकरी धुळे स्टँडवर काढली. भोंग्यावर माझा आवाज गेला की पार देवपूरच्या पुलावर लोक पिशव्या उचलून पळत सुटायचे. रिटायर झाल्यावर मुलाकडे जळगावला आलो आणि घरात नुसता बसून कुजायला लागलो होतो. दिवाळीनंतर डॉ. शहनाज मन्यार यांनी बोलावलं. म्हणाल्या, "नाना, मला काउंटरवर असा माणूस हवा की ज्याचं बोलणं खेड्यातल्या माणसाला कळतं." घ्या! माझं बोलणं नाही कळणार तर कोणाचं?

या शहनाज मॅडम आमच्या धरणगावच्या. वडील नूर महंमद, बांगड्यांची पेटी खांद्यावर घेऊन आमच्या गल्लीत यायचे. मुलगी मुंबईत शिकली, रेडिऑलॉजिस्ट झाली, आणि तिथं आरामात राहायचं सोडून जळगावला आली. सोबत काय आणलं, तर सीटी स्कॅनचं मशीन! जुनं आहे, कुठल्याशा मोठ्या दवाखान्यातून उतरवलेलं, पण काय मशीन आहे! माणसाला त्या मोठ्या कड्यातून सरकवायचं, आणि टीव्हीवर त्याचे आडवे काप दिसतात. फैजपूरकडे केळ्याचे वेफर पाडतात ना, तसे. फक्त माणसाला ओरखडासुद्धा येत नाही. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हातच जोडले. मशीन चालवणारा मुख्तार हसला. हसू दे. त्याला रोजचं झालंय.

१७ फेब्रुवारी

आज एक काम केलं आणि त्याचा मला अभिमान आहे, म्हणून लिहून ठेवतो.

काउंटरवर पाटी होती, "तपासणीपूर्वी सहा तास निराहार राहावे." आता सांगा, आमच्या अमळनेर-पारोळ्याकडच्या माणसाला निराहार म्हणजे काय कळणार? परवा एका म्हाताऱ्यानं खरंच हार आणला. झेंडूचा. वर नारळ. मशीनची पूजा सांगितली असेल असं वाटलं बिचाऱ्याला. मुख्तारनं तो हार घेऊन दाराला टांगला.

मी मॅडमना म्हटलं, ही पुस्तकी भाषा काढून टाका. सरळ सांगू, "उपास करून या." उपास कोणाला कळत नाही? लहान पोराला कळतो. मॅडम खूश झाल्या. म्हणाल्या, "वा नाना, हे बरोबर. उपास म्हटलं की विषय संपला." त्यांचा रमजान चालू आहे, दिवसभर पाण्याचा थेंब न घेता उभ्या असतात. त्यांना पटलं म्हणजे झालंच. पाटी लगेच बदलली, आणि आता मी तोंडानंही तेच सांगतो. भोंगा नाही, पण आवाज तोच आहे.

२२ फेब्रुवारी

एका बाईला आत इंजेक्शन दिल्यावर भडाभडा उलटी झाली. सगळा साबुदाणा. मुख्तार पुसता पुसता करवादला. मी त्या बाईच्या नवऱ्याला झापलं, उपासाला माणसानं जरा जपून खावं की नाही? पोट काय रिकामं पोतं आहे? तो मान खाली घालून बसला.

मॅडम तेव्हा दुसऱ्या खोलीत होत्या. बरं झालं. त्यांना कशाला या बारीकसारीक गोष्टींचा त्रास.

२५ फेब्रुवारी

आज हात लिहायला तयार नाही.

दुपारी भाचा भिकन आला. अक्काला घेऊन धुळ्याला गेला होता, तिथून थेट इकडे. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, मंजुळाबाई. आई गेली तेव्हा मी एवढासा होतो; अक्कानं मला कडेवर वागवलं. धरणगावला तिचं कपाशीचं शेत, भिकन बघतो. दिवाळीत गेलो होतो तेव्हा ती म्हणाली होती, "सुकदेव, घास उतरस नही रे. अठे अटकस." छातीवर बोट ठेवून दाखवलं होतं. मी म्हटलं, घाईघाईनं खातेस, दुसरं काय. पाणी पी.

धुळ्याच्या सर्जनसाहेबांनी घशातून दुर्बीण घातली आणि तुकडा काढून तपासला. अन्ननलिकेचा कॅन्सर. भिकननं काउंटरवर माझ्या कानात सांगितलं. समोर पेशंट उभे होते. मी त्यातल्या एकाला तारीख दिली, दुसऱ्याला दिली, मग मागं जाऊन बसलो.

सर्जनसाहेब म्हणाले आहेत, कॅन्सर आहे हे तर नक्की. पण तो किती पसरलाय, शेजारी कशाला चिकटलाय का, हे सीटी स्कॅनवर दिसेल. नळीपुरताच असेल तर मुंबईला ऑपरेशन होऊ शकतं. मोठ्या रक्तवाहिनीला चिकटला असेल तर कोणी सुरी लावणार नाही. म्हणजे सगळं आमच्या मशीनवर आलं! माझा जीव थोडा भांड्यात पडला. दुसऱ्या कोणाकडे जायचं असतं तर घाबरलो असतो.

अक्काला यातलं काही सांगायचं नाही असं ठरलं. तिला सांगितलंय, नळीला सूज आहे.

मंगळवारची वेळ दिली. अक्का बाहेर बाकावर बसली होती. मी स्वतः जाऊन तिला समजावून सांगितलं, "अक्का, मंगळवारी उपास करून ये. नीट कर हं उपास, कुचराई नको." ती म्हणाली, "मी काय आज उपास करी राहिनी का रे? तुना जलमना आधीपासून करस." खरं आहे. तिच्याइतके उपास आमच्या खानदानात कोणी केले नसतील.

१ मार्च, मंगळवार

झालं. अक्काचा स्कॅन झाला.

पहाटे उठून, उपासाचं सगळं आटोपून जीपनं आली. कामाची बाई, एक गोष्ट विसरत नाही. मॅडम स्वतः बाहेर आल्या. अक्कानं त्यांच्याकडे निरखून पाहिलं आणि म्हणाली, "नूरभाईनी पोर शे का तू? तुना बापनी माले बांगड्या भरेल शेतस." मॅडम एकदम खाली बसल्या तिच्यापाशी, हात हातात घेऊन. मग विचारलं, "उपास आहे ना अक्का?"

"शे ना."

"शाबास. माझाही आहे."

दोघी हसल्या. मला फार बरं वाटलं ते पाहून.

आत अक्का अजिबात घाबरली नाही. मुख्तारनं श्वास रोखायला सांगितला की रोखायची, सोडायला सांगितला की सोडायची. बाहेर आल्यावर म्हणाली, "गिरणीमा घातल्यासारखं वाटनं, पण पीठ काही पडनं नही."

२ मार्च

तोंडचं पाणी पळालं आहे. मॅडमनी मला आत बोलावून फिल्म लावून दाखवली. मला आता थोडं थोडं कळतं. काळं ते फुप्फुस, पांढरी हाडं, मध्ये करडं. अक्काच्या नळीत करडं करडं भरलेलं, वरपासून खालपर्यंत, चांगलं वीतभर. शेजारी गोल दिसते ती हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी. त्या करड्यानं तिला असं काही टेकलंय की मध्ये रेघसुद्धा दिसत नाही.

मी विचारलं, "म्हणजे चिकटलाय?"

"तसं दिसतंय, नाना."

मग त्यांनी धुळ्याचा कागद फिल्मशेजारी धरला. म्हणाल्या, "यकृत स्वच्छ आहे, फुप्फुस स्वच्छ आहे. पण धुळ्याच्या दुर्बिणीत गाठ खूप खाली सुरू होते असं लिहिलंय आणि माझ्या फोटोत ती इतकी वर दिसते, हे जुळत नाही. आणि या करड्यात मध्येच बारीक काळे ठिपके आहेत, तेही मला नीटसे कळले नाहीत."

मी म्हटलं, "मॅडम, दुर्बीण काय, नळीच ती. घशातून ढकलायची, दिसलं तेवढं दिसलं. आपलं मशीन आरपार बघतं. मशीनवर विश्वास ठेवा." माझ्या बहिणीविरुद्ध मी मशीनची बाजू घेतोय हे बोलून झाल्यावर लक्षात आलं. पण जे खरं ते खरं.

रिपोर्टवर त्यांनी सही केली, पण पेन उचलायला फार वेळ लावला.

५ मार्च, धुळे

भिकन आणि मी रिपोर्ट घेऊन गेलो. सर्जनसाहेबांनी फिल्म उजेडात धरली, पुन्हा धरली. म्हणाले, ऑपरेशन नाही. किरणांचा शेक देता येईल. अगदीच गिळता येईना झालं तर नळी टाकून पातळ पाजायचं. किती दिवस, असं भिकननं विचारलं. साहेबांनी भिकनच्या पाठीवर हात ठेवला.

स्टँडवर आलो. माझ्या जागेवर कोणी नवा पोरगा भोंग्यावर बोलत होता. शब्द गिळत होता. एरवी मी जाऊन दोन शब्द सुनावले असते. आज बाकावर बसून राहिलो, आणि जळगावची गाडी समोरून निघून गेली तरी मला कळलं नाही. मला! ज्यानं हजारो लोकांना गाड्यांत बसवलं!

अक्का, मी तुझ्यासाठी काहीच करू शकत नाही गं.

८ मार्च

धरणगावला जाऊन आलो. अक्काला अचानक हौस आली आहे. सगळं घर काढलंय, पितळेची भांडी घासून लख्ख केली आणि दोन्ही लेकींना, सुनेला वाटून टाकली. मी म्हटलं, काय गं, लग्न आहे का घरात? म्हणाली, "जागा खाई राहिनात." माझ्या मंदाबाईंसाठीही एक घंगाळ दिलं. सूज आहे म्हणून सांगितलं ते बरं केलं आपण. निदान तिचं मन तरी आनंदात आहे.

आंब्याला यंदा चांगला मोहोर आहे असं मी म्हटलं. ती घंगाळ पुसायला लागली. ऐकू गेलं नसावं.

१० मार्च, महाशिवरात्र

हे सगळं जसं घडलं तसंच लिहायला हवं.

आज माझा उपास. दुपारी पेशंट नव्हते, म्हणून काउंटरवरच डबा उघडला. खिचडी, उकडलेली रताळी, मंदाबाईंनी दिलेला दाण्याचा लाडू. दु:ख असलं तरी पोट आहेच. तेवढ्यात मॅडम बाहेर आल्या. त्यांचा रोजा, आणि मी समोर बकाबका खातोय. लाजून डबा झाकायला लागलो.

त्या म्हणाल्या, "खा हो नाना, झाकता काय? पण तुम्ही सकाळी म्हणालात ना, आज उपास आहे?"

"म्हणून तर खिचडी! उपास काय उपाशी राहून करायचा असतो का?"

मॅडम हसल्या. हसता हसता थांबल्या. मी घास तोंडात घेतला तो तसाच राहिला, कारण त्या माझ्याकडे अशा बघत होत्या की मला वाटलं माझ्या मागं साप आहे.

"नाना, पेशंटांना तुम्ही काय सांगता?"

"उपास करून या."

"अक्कांना काय सांगितलं होतं?"

"तेच. आणि तिनं अगदी नीट केला होता."

"काय खाल्लं होतं त्यांनी?"

"फार नाही हो. घास उतरत नाही ना तिला. पहाटे वाटीभर पातळ भगर आणि दाण्याची आमटी. बस."

मॅडम वळल्या आणि आत पळाल्या. पळाल्या म्हणजे अक्षरशः. मी मागं. अक्काची फिल्म त्यांनी दिव्यावर लावली, ते बारीक काळे ठिपके बोटानं दाखवले. "हवा, नाना! ही शिजवलेल्या दाण्यातली हवा आहे. ही गाठ नाही, ही भगर आहे! गाठ खाली आहे, दुर्बिणीनं सांगितली तिथंच. तिच्या वरची नळी तुंबली आहे, आणि तुंबून फुगलेली नळी रक्तवाहिनीला टेकली आहे. वीतभर कॅन्सर म्हणून मी तुमच्या बहिणीचा नाश्ता मोजला!"

मला आधी कळलंच नाही. मग हळूहळू कळलं.

मी म्हटलं, चूक माझी, पाटी मी बदलली. मॅडमनी मला बोलूच दिलं नाही. म्हणाल्या, "मी धरणगावात वाढले, नाना. शिवरात्रीला शेजारच्या घरची खिचडी मी दरवर्षी खाल्ली आहे. मला का माहीत नाही उपास म्हणजे काय? पण रमजानमध्ये तो शब्द कानावर पडला आणि मला रोजाच ऐकू आला. तो शब्द मला आवडला होता म्हणून मी पुढं विचारलंच नाही. 'काय खाल्लं' एवढं विचारायला हवं होतं. सही माझी आहे. चूकही माझीच."

त्यांनी लगेच धुळ्याला फोन लावला. सर्जनसाहेबांना, माझ्यासमोर, एक शब्द न फिरवता सांगितलं की माझा रिपोर्ट चुकलेला असू शकतो, मी पुन्हा तपासते, तोवर काही ठरवू नका. तिकडून साहेब काहीतरी मोठ्यानं बोलत होते. मॅडम "हो सर, हो सर" करत ऐकत राहिल्या. किती डॉक्टर असं करतील? मोठ्या मोठ्या साहेब लोकांना मी डेपोत पाहिलं आहे. गाडी चुकीच्या गावाला गेली तरी चूक ड्रायव्हरची.

पण पुन्हा तपासलं आणि तेच निघालं तर? हा प्रश्न मला पडला आणि मी तो कोणाला विचारला नाही.

११ मार्च

आज मी मॅडमशी भांडलो. होय, कालच एवढं कौतुक लिहिलं आणि आज भांडलो. माझा स्वभावच तसा आहे, काय करणार.

उद्या अक्काला बोलावलं आहे. मॅडम मुख्तारला सांगत होत्या, "उद्या लो डोस ठेव. करंट मागच्या वेळेच्या पावच."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पाव डोस? माझ्या बहिणीला? कपाशीवर फवारणी पाव केली तर बोंडअळी हसते! पोलिओचा डोस कोणी पाव देतं का? मी म्हटलं, "मॅडम, मशीनची बचत करायची असेल तर दुसऱ्या कोणावर करा. अक्काला पूर्ण डोस पाहिजे. उलट दुप्पट द्या, म्हणजे त्या आजाराला कळेल!"

मुख्तारनं तोंड फिरवलं. हसत होता बेटा.

मॅडम चिडल्या नाहीत. खुर्ची ओढून बसल्या. म्हणाल्या, "नाना, हा औषधाचा डोस नाही. ही किरणं आहेत. त्यांनी आजार बरा होत नाही, फक्त दिसतो. जास्त किरणं म्हणजे फोटो जास्त गुळगुळीत, पण शरीरात किरणंही जास्त. दहा दिवसांपूर्वीच त्यांना पूर्ण दिली आहेत, पुढं उपचारात आणखी द्यावी लागतील कदाचित. मग दिसायला पुरतील तेवढीच का देऊ नयेत?"

"आणि पुरली नाहीत तर?"

"यकृत बघायचं असतं तर मी एवढी कमी केली नसती, तिथं बारीक फरक हरवतो. पण यकृत आपण मागं पाहिलं आहे. उद्या मला फक्त छातीतली नळी बघायची आहे, तीही हवेनं फुगवून. फोटो थोडा रवाळ येईल. चालेल मला. तुम्ही स्टँडवर भोंगा लावायचात, कारण माणसं लांब असायची. आता मी एवढ्या जवळ बसले आहे, तरी माझ्याशी भोंग्यानं बोलाल का?"

भोंग्याचं पटलं. पण पूर्ण पटलं असंही नाही. पाव म्हणजे पाव.

जाता जाता पाटी मात्र मी बदलून आलो. "रात्रीपासून काही खायचं नाही. काही प्यायचं नाही. साबुदाणा, भगर, रताळं, चहा, काहीच नाही." पाटी भरून गेली. भरू दे.

१२ मार्च, शनिवार

काल संध्याकाळीच अक्काला माझ्या घरी आणून ठेवलं होतं. रात्रीपासून मी तिच्यावर डोळ्यात तेल घालून पहारा केला. सकाळी तिनं चूळ भरली तरी मी ओरडलो. म्हणाली, "येडा व्हई गया का रे तू?"

सेंटरवर आधी नाकातून बारीक नळी घालून मॅडमनी साचलेलं सगळं ओढून घेतलं. तिला त्रास झाला, पण तिनं हूं का चूं केलं नाही. मग फसफसणारं चूर्ण घोटभर पाण्यात दिलं. हवेनं नळी फुगावी म्हणून. अक्का ढेकर द्यायला लागली तर मॅडम ओरडल्या, "अक्का, ढेकर दाबा!" आयुष्यात तिला असं कोणी सांगितलं नसेल. एकदा उताणं झोपवून घेतलं, एकदा पालथं. पालथं केलं की जे नुसतं टेकलेलं असतं ते पुढं लोंबतं आणि सुटं होतं, जे चिकटलेलं असतं ते तिथंच राहतं. एवढी साधी युक्ती, पण सुचायला डोकं लागतं.

मी काचेमागं उभा होतो. मुख्तारही आज गंमत करत नव्हता. टीव्हीवर एकेक काप येत होता. खरंच रवाळ होते, पावसाळी दिवसातल्या दूरदर्शनसारखे. मला वाटलं, संपलं, मी म्हटलं नव्हतं का. तेवढ्यात नळी दिसली. वर रिकामी, काळी, गोल. स्वच्छ! त्याच्या खालच्या कापातही स्वच्छ. त्याच्याही खाली. मी मोजायचं सोडून दिलं. मग खाली एका बाजूनं जाड झालेली भिंत, तीन-एक बोटं लांबीची. ती गाठ. आणि पालथं घेतलेल्या कापांत, गाठ आणि रक्तवाहिनी यांच्यामध्ये एक बारीक काळपट रेघ. वरून खालपर्यंत, कुठंही न तुटलेली.

मॅडमनी त्या रेघेवर बोट ठेवलं. "नाना, ही चरबीची रेघ आहे. गाठ सुटी आहे. आजूबाजूच्या ग्रंथीही फुगलेल्या दिसत नाहीत. मी ऑपरेशन होईलच असं म्हणू शकत नाही, उघडल्याशिवाय कोणीच म्हणू शकत नाही. पण करू नका असं आता मी कोणाला म्हणू देणार नाही."

मी त्यांच्या पाया पडायला वाकलो. त्यांनी मला खांद्याला धरून उभं केलं आणि स्वतःच डोळे पुसत दुसरीकडे गेल्या. त्या पाव डोसबद्दल मी जे बोललो ते सगळं मागं घेतो. लेखी घेतो.

नंतर मॅडम अक्काजवळ बसल्या आणि दार लावून घेतलं. दोघी बराच वेळ बोलत होत्या. बाहेर आल्यावर मी विचारलं, काय गं बोललात? अक्का म्हणाली, "बांगड्यासन्या गोष्टी."

१७ एप्रिल, मुंबई

उद्या ऑपरेशन. धुळ्याचे सर्जनसाहेब मोठ्या मनाचे निघाले, त्यांनी स्वतः इथल्या डॉक्टरांना फोन केला. इथल्या डॉक्टरांनी दोन्ही वेळच्या फिल्म शेजारी शेजारी लावून पाहिल्या आणि विचारलं, "हे दुसरं कोणी केलं? इतक्या कमी मात्रेत?" मी छाती काढून सांगितलं, "जळगावला. आमच्या धरणगावच्या पोरीनं."

पण ऑपरेशन साधं नाही. छाती उघडणार, नळी काढणार, पोट वर ओढून घशाला जोडणार. अक्काचं वय साठीच्या पुढं. भिकन सह्या करून आला आणि जिन्यात बसून रडला.

अक्काजवळ गेलो. सूज काढणार आहेत, लहानसंच ऑपरेशन आहे असं सांगायला तोंड उघडलं. तिनं मला थांबवलं.

"सुकदेव, माले बठ्ठं माहीत शे. पहिला दिनथून माहीत शे. धुळ्याले भिकन तोंड धुवाले गया, तव्हयच समजनं. उगाच भांडा वाटी टाकात का मी?"

मी स्टूल ओढून तिच्याजवळ बसलो.

"पण आते भांडा परत मांगनू ते लेकी हसतीन," ती म्हणाली. "म्हणून जगीसन काही उपेग नही." आणि स्वतःच हसली. मला हसता येईना. माझ्या हातावर तिनं हात ठेवला, मी लहान असताना ताप आला की ठेवायची तसा. माणूस आहे की काय आहे ही बाई! आम्ही सगळे तिला सांभाळत होतो म्हणे.

१८ एप्रिल

काढली. सगळी काढली. चिकटलेली नव्हती. डॉक्टर म्हणाले, फोटोत होती तशीच निघाली.

जळगावला ट्रंक कॉल लावला. मॅडम फोनवर काहीच बोलेनात. मला वाटलं लाइन गेली, म्हणून मी "हॅलो, हॅलो" ओरडत राहिलो. लाइन होती.

२९ एप्रिल

मधले दिवस लिहिण्यासारखे नव्हते. ताप आला, छातीत पाणी झालं, एकदा डॉक्टर धावत आले. आज ताप उतरला. पोटात टाकलेल्या नळीतून दूध देतात. तोंडानं अजून काही नाही.

५ जून, धरणगाव

सकाळीच गाडी पकडून आलो. अक्का घरी येऊन पंधरवडा झाला. फार वाळली आहे, गळ्याला व्रण आहे, आवाज बसला आहे. पातळ पेज, वरणाचं पाणी, एवढंच चाललं होतं. डॉक्टरांनी आता मऊ घास सांगितला आहे. पुढं काय होईल ते देव जाणे. तीन महिन्यांनी पुन्हा मॅडमकडे दाखवायचं आहे. पाव डोसमध्येच.

सुनेनं ताटं वाढली. अक्का आमच्याबरोबर बसली. भाकरीच्या आतला मऊ भाग काढून तिनं तुरीच्या पातळ वरणात कुस्करला, बोटांनी लोण्यासारखा केला. भिकन खाली बघत होता. सून चुलीकडे तोंड करून उभी. मी ताटातल्या मिरचीकडे बघण्याचा फार प्रयत्न केला.

तिनं घास घेतला. चावला, बराच वेळ चावला. मग गळ्याचा तो व्रण वर गेला आणि खाली आला. अक्का थांबली, जशी दिवाळीपासून प्रत्येक घासाला थांबत होती. छातीवर हात गेला. हात तिथंच राहिला थोडा वेळ. मग हात खाली आला आणि तिनं दुसरा घास कालवायला घेतला.

"तू काय मना गळाकडे देखी राहिना?" ती त्या बसलेल्या आवाजात माझ्यावर खेकसली. "थंडं व्हई राहिनं. जेवी ले ना रे."

मी जेवलो.